ट्रक गोदामातच अडला त्या दिवशी

स्कॉटलंडमध्ये मासळी निर्यात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कागदपत्रांचं काम बघते. जानेवारी २०२१. ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारातून बाहेर पडून जेमतेम आठवडा-दीड आठवडा झाला होता.

डिसेंबरपर्यंत संध्याकाळी निघालेला ट्रक दुसऱ्या दिवशी फ्रान्समधल्या बुलोनच्या मासळीबाजारात पोचायचा. आता मासळी कुठे पकडली त्याचा दाखला, पशुवैद्यकाच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र, वर कस्टमची नोंद. शिक्क्याची शाईसुद्धा छपाईपेक्षा वेगळ्या रंगाची लागते. ट्रकमध्ये माल अनेकांचा. त्या सकाळी त्यातल्या एकाच्या दोन कागदांवर माशाची शास्त्रीय नावं जुळेनात, आणि अख्खा ट्रक थांबला.

आमच्या खोक्यांत जिवंत लँगुस्टीन होत्या, शेवंडीच्याच गोतातल्या, पण सडपातळ. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना जखमा करतात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा. सकाळी झाकण उघडलं तेव्हा मिशा हलत होत्या. दुपारी पुन्हा उघडलं, तर बऱ्याच कप्प्यांत काहीच हालचाल नव्हती. मेलेल्या लँगुस्टीनला जिवंतचा भाव कोण देणार?

पिंजरे टाकून त्या पकडणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाला मीच फोन केला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलेला माणूस. तो चिडला नाही, हिशोब मांडत बसला. "पोरी, आम्ही १९७३ ला आत आलो, पण सगळ्यांचं पाणी सगळ्यांना खुलं हा नियम त्यांनी १९७० मध्येच करून ठेवला होता. १९८३ ला वाटे ठरले. पूर्व इंग्लिश खाडीतला कॉड फ्रान्सला ८४ टक्के, आम्हाला ९. हा न्याय आहे?"

नाही, अजिबात नाही. मी मालवणची. कर्नाटकातल्या मलप्याचे हायस्पीड ट्रॉलर आले की आमचा किनारा कसा पेटतो ते लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे त्याचा राग मला समजावून सांगावा लागत नाही.

पण त्या रागाच्या जोरावर मतं मागणाऱ्यांनी त्याच्या हातात काय दिलं? ब्रिटिश पाण्यातल्या युरोपीय वाट्याचा २५ टक्के भाग, तोही २०२६ पर्यंत थोडाथोडा. मच्छीमारांना किनाऱ्यापासून १२ मैल फक्त स्वतःसाठी हवे होते. तेही मिळाले नाहीत. इंग्लंडच्या दक्षिणेला युरोपच्या बोटी ६ मैलांपर्यंत येतच राहिल्या. आणि या तांडेलाचं भांडण तर कोट्याचं नव्हतंच. त्याच्या खाडीत पिंजरे टाकायला कुणी फ्रेंच येत नव्हता. फ्रेंच येत होता तो गिऱ्हाईक म्हणून.

ट्रक रात्री उशिरा सुटला. दुसऱ्या दिवसापासून तांडेलाने बोट बांधून ठेवली. १८ जानेवारीला मासळीवाल्यांचे ट्रक थेट लंडनला संसदेसमोर जाऊन उभे राहिले.

मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने युरोपच्या बोटींना आपल्या पाण्यात मासेमारीची २०३८ पर्यंत मुभा दिली. त्याच वेळी आरोग्य प्रमाणपत्रांची कटकट बहुतांशी संपवणारा करार करायचंही ठरलं. तांडेल याला विश्वासघात म्हणतो. ट्रॉलरवाल्यांचा तो झालाच आहे, त्यांच्या जिवावर सौदा केला गेला. पण पिंजरेवाल्यांना पाण्यापेक्षा बाजाराचा रस्ता मोकळा हवा आहे, असं मला मनापासून वाटतं. यावर आमचं अजूनही जमत नाही, आणि फोनवर दर वेळी विषय निघतोच.