तार षड्जाची खरखर

प्रोजेक्टच्या परीक्षेला एक्स्टर्नल दुपारी दोनला येणार होते. साडेअकराला तिघं मखर सांभाळत माझ्या लॅबच्या दारात उभी. पुठ्ठ्याचं मखर, कमानीला साठ दिव्यांची रंगीत पट्टी, मागे आर्डुइनो उनो, म्हणजे कोड चढवून चालवायचा छोटा बोर्ड, आणि लोंबणाऱ्या जंपर वायरी.

"मॅडम, हाही बझर गेला." बझर म्हणजे सूर वाजवणारा छोटा भोंगा.

हा तिसरा होता. पहिला तपकीर गल्लीतून आणला तो ॲक्टिव्ह निघाला. वीज दिली की एकाच आवाजात शिट्टी मारणार, त्याच्यावर सूर काय वाजणार? पुढचे दोन पॅसिव्ह होते, बोर्ड पाठवेल तो सूर वाजवणारे. पण दिवे सुरू केले की आवाजाला खरखर यायची, गळ्यात काही अडकल्यासारखी.

तिघांत कामं छान वाटलेली होती. एकाच्या वडिलांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. मखर आणि दिवे त्याच्याकडे. दुसरा कोड लिहिणारा. तिसरी गांधर्वच्या परीक्षा देणारी, घरी रोज रियाज करणारी. भूपातली एक छोटी बंदिश वाजवायची आणि स्वरांबरोबर दिवे खेळवायचे, ही कल्पना तिची.

तिच्या कानाची ओळख मला पंधरा दिवस आधीच झाली होती. आर्डुइनोबरोबर स्वरांच्या आकड्यांची एक तयार यादी मिळते, मुलं तीच वापरतात. हिने फोनवर तानपुरा लावला, बझर ऐकला आणि म्हणाली, "गंधार चढा लागतोय." आम्ही गणित मांडलं. यादीत सा सेकंदाला २६२ आंदोलनांचा आणि ग ३३०. पण तानपुऱ्याला जुळणारा गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३२७.५. ती यादी पियानोच्या पट्ट्यांची, सगळे स्वर समान अंतरावर बसवलेली. अडीच आंदोलनांचा फरक या मुलीला नुसत्या कानाने कळला होता! मग तिनेच संगीताच्या पुस्तकातलं कोष्टक आणलं: सा २४०, रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००, तार सा ४८०. कोडमध्ये हे आकडे घातल्यावर तो साधा बझरसुद्धा कानाला बरा वाटू लागला. म्हणूनच आता त्या खरखरीने तिला रडू यायचं बाकी होतं.

मी आधी पॉवर बघितली. साठही दिवे पूर्ण पांढरे लावले तर दिव्याला ६० मिलिअँपिअर धरून साडेतीन अँपिअरच्या वर जातं, आणि यूएसबीवरून अर्धा अँपिअर मिळताना मारामार. पण हा धडा ते आधीच शिकले होते. पट्टीला वेगळा सप्लाय, ग्राउंड कॉमन, उजेड कमी ठेवलेला, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरसुद्धा लावलेला. तिथे बोट ठेवायला जागा नव्हती.

"पट्टी काढून बघितलीत?"

"काढली मॅडम. सगळी पट्टी सोडवली. तरी खरखर आहेच. म्हणून तर बझर बदलला."

हे ऐकून मी खुर्ची ओढून बसले. पट्टी बोर्डाला जोडलेलीच नाही आणि तरी खरखर येते, म्हणजे ती पट्टीतून येत नाही. दोन वेगवेगळे बझर अगदी सारखेच बिघडतील, हेही पटत नव्हतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, मंद्रातल्या पंचमाला खरखर कमी आहे. वर जावं तशी वाढते. तार षड्जाला तर ऐकवत नाही."

लूज वायरीला कुठला स्वर चाललाय ते कळत नाही. स्वरागणिक दोष बदलतो म्हटल्यावर गडबड वेळेची होती. कोडवाल्याला म्हटलं, "पट्टी राहू दे. कोडमध्ये दिव्यांना रंग पाठवणारी ओळ आहे ना, तेवढी कमेंट कर, म्हणजे बोर्ड ती वगळेल." त्याने केली, बोर्डावर चढवली. बंदिश सुरू झाली आणि तार सा स्वच्छ लागला. तिघंही बोर्डाकडे बघत राहिली.

डीएसओचा, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब बझरच्या पिनला लावला, ओळ परत चालू केली. पडद्यावर चौकोनी लाटा हव्यात तशा चालल्या होत्या, आणि मध्येच एक चौकोन रुंद, भलताच रुंद. कर्सर लावून मोजला. मग फळ्यावर हिशेब केला. या दिव्यांना प्रत्येकी २४ बिट लागतात, एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद, म्हणजे एका दिव्याला ३० आणि साठ दिव्यांना १८०० मायक्रोसेकंद. ही वेळ इतकी काटेकोर असते, की रंग पाठवताना लायब्ररी, म्हणजे दिव्यांचा तयार कोड, सगळे इंटरप्ट बंद करून ठेवते. इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून 'आधी हे कर' अशी बोर्डाला मारलेली हाक. पट्टी जोडलेली असो वा नसो, पाठवणं तर होतंच. आणि बझरची पिन वर-खाली करायचं काम इंटरप्टच करतो. तार षड्जाला एका आंदोलनात दोनदा, म्हणजे दर १०४२ मायक्रोसेकंदांनी पिन पालटायला हवी. १८०० मायक्रोसेकंद दार बंद राहिलं तर एक पालटणं थेट बुडतं. मंद्र पंचम १८० चा, तिथे पालटण्याची वेळ २७०० च्या पुढे. तिथे पालटणं फार तर उशिरा होतं, बुडत नाही. तिच्या कानाने सांगितलं होतं तेच आकडे सांगत होते.

बारा चाळीस झाले होते. मी दोन रस्ते सांगितले. खरा रस्ता म्हणजे चिपमधल्या टायमर १ या घड्याळाला नऊ नंबरची पिन परस्पर हलवायला लावायची, त्यात इंटरप्टची गरजच नाही. पण त्याला डेटाशीट, म्हणजे चिपची माहितीपुस्तिका, उघडून रजिस्टर, म्हणजे चिपमधले आकडे भरायचे कप्पे, समजून घ्यावे लागतात, आणि परीक्षेच्या तासभर आधी न समजलेला कोड कुणाच्या हातात द्यायचा नाही, हे मी पाळते. दुसरा रस्ता सोपा. स्वर वाजत असताना दिव्यांना हात लावायचा नाही.

"मग दिवे धावणार कसे?" डेकोरेशनवाल्याचा चेहरा पडला. त्याने फिरत्या रंगांवर आठवडा घालवला होता.

ती थोडा वेळ तोंडातल्या तोंडात बंदिश म्हणत होती. मग म्हणाली, "दोन स्वरांच्या मध्ये आपण चाळीस मिलिसेकंद सोडलेत. दिवे तिथे बदलू. प्रत्येक स्वराला एक रंग."

१८०० मायक्रोसेकंद म्हणजे दोन मिलिसेकंदही नाहीत. चाळीसात सहज बसतात. वीस मिनिटांत काम झालं. षड्जाला केशरी, गंधाराला पिवळा, असे रंगही तिनेच भराभर सांगितले.

एक्स्टर्नलनी बंदिश दोनदा ऐकली. दिवे स्वर संपल्यावरच का बदलतात, असं त्यांनी कोडवाल्याला विचारलं. त्याने फळ्यावरचा हिशेब मी पुसला नव्हता त्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता. मी मागे उभी होते. मला फार बरं वाटलं.

मुलं घरी जातील असं वाटलं होतं. पण चार वाजता डेकोरेशनवाला परत आला, "मॅडम, तो पहिला रस्ता." मागून बाकीची दोघंही. डेटाशीट उघडली. आठने भागलेलं घड्याळ, षड्जासाठी रजिस्टरमध्ये ४१६६, असा एकेक स्वर त्यांनी स्वतः काढला. बझरची वायर आठ नंबरवरून नऊवर गेली. सहा वाजून गेले होते. कमानीवर रंग धावत होते, तार सा लागला होता आणि डीएसओवर चौकोनामागून चौकोन सारखे येत होते.

"आता गंधार ऐका, मॅडम," ती म्हणाली, आणि फोनवर तानपुरा लावला.