रेडमी फाइव्ह ए कोण आहे?

१० एप्रिल २०२०, गुड फ्रायडे, दुपारचे पावणेबारा. नाशिकात कॅनडा कॉर्नरला घरी लॅपटॉप उघडून बसलोय, एका चर्चची उपासना ऑनलाइन लावायचीय, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि स्क्रीनवर झूमच्या वेटिंग रूममध्ये ४१ जण ताटकळत उभे. नावं बघा, सॅमसंग जे सेव्हन, रेडमी फाइव्ह ए, व्हिवो १९०६, एक नुसतंच 'पप्पांचा फोन'. यातलं चर्चचं कोण आणि उपटसुंभ कोण हे मला कसं कळणार, मी तर त्यांच्यातला पण नाही. माझा धंदा सीसीटीव्ही आणि साउंड सिस्टिम बसवायचा. शरणपूर रोडकडच्या एका चर्चमध्ये दोन वर्षांपूर्वी स्पीकर लावले होते, तेवढीच ओळख.

लॉकडाऊन लागला, दुकानाचं शटर खाली, आणि त्या चर्चच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंचा फोन आला, "भाऊ, मंडळीला ऑनलाइन आणायचंय, जमेल का?" आता आपल्याकडे मंडळी म्हणजे लग्नाला आलेली माणसं नाहीतर घरची बायको, मला वाटलं घरच्या कोणाला मोबाइल शिकवायचा असेल, म्हटलं हो जमेल की. मग कळलं मंडळी म्हणजे अख्खं चर्च, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, देवळाली कॅम्पातले, सातपूर, सिडको, थेट ओझरपर्यंत पसरलेले, आणि निम्मे साठीच्या पुढचे.

५ एप्रिलला झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, पहिल्यांदा झूम लावलं, फुकटवालं. फुकटात ४० मिनिटं मिळतात हे मी सांगितलं होतं, खजिनदार म्हणाले ४० मिनिटांत आटपू. अहो, नुसतं "दिसतोय का, ऐकू येतंय का" यातच पंधरा मिनिटं गेली! संदेश, म्हणजे पाळकसाहेबांचं प्रवचन, ऐन रंगात आला आणि फट्कन सगळे बाहेर. पाळकसाहेब नंतर पाच मिनिटं एकटेच लॅपटॉपसमोर बोलत होते, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

आणि गुड फ्रायडेची उपासना म्हणजे बारा ते तीन. क्रुसावरचे सात शब्द, म्हणजे येशूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार, त्यावर बोलणारे सात वक्ते, मधे मधे गाणी. ४० मिनिटांच्या हिशोबाने पाच वेळा लिंक पाठवायची आणि पाच वेळा म्हाताऱ्या माणसांनी परत आत यायचं, कसं शक्य आहे? गुरुवारी रात्री फोनवरच कमिटीची मीटिंग झाली, खजिनदारांनी महिन्याच्या पैशाचं सतरा वेळा विचारलं, शेवटी माझ्या भाच्याच्या क्रेडिट कार्डावर पेड प्लॅन घेतला तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न वेटिंग रूमचा. त्या दिवसांत लोकांच्या मीटिंगमध्ये कोणीही घुसून घाणेरडे व्हिडिओ लावत होतं, म्हणून झूमने ५ एप्रिलपासून फुकट खात्यांना पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू केली. पेड घेतल्यावर मी ती बंद करू शकलो असतो पण केली नाही, गुड फ्रायडेला तसलं काही झालं असतं तर मी तोंड कुठे दाखवलं असतं.

म्हणून एका कानाला मोबाइल, मोबाइलवर मावशी. मावशी म्हणजे चर्चमध्ये चाळीस वर्षं संडेस्कूल घेतलेली बाई, सगळ्यांची कुंडली तोंडपाठ. मी विचारायचं, "मावशी, रेडमी फाइव्ह ए कोण?" ती म्हणायची, "थांब हं, पाथर्डी फाट्यावरचा थोरला असेल, विचारते," की लगेच घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्याला फोन, "अरे बाळा तू दारात उभा आहेस का?" असं करत करत बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत ६३ जण आत घेतले. एक 'किंग' नावाचा होता त्याला मावशीने ओळखलं नाही, तो बाहेरच राहिला. संध्याकाळी कळलं तो तिचाच नातू.

पहिलं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं असं पाळकसाहेबांच्या मनात, मी नको म्हणत होतो. प्रत्येक घरातून आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो, कोणाचा लगेच कोणाचा सेकंदभर उशिरा, त्यात ॲप एकाचा आवाज पुढे घेतं आणि बाकीच्यांना दाबतं. दोन ओळींत सत्यानाश झाला, एक ओळ देवळालीत तर दुसरी अजून सातपुरातच. शिवाय पेटी ऐकूच येईना. पेटीचा लांबलेला सूर ॲपला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते गाळून टाकतं, मग वाजवणाऱ्याच्या मोबाइलऐवजी लॅपटॉप घ्यायला लावून 'ओरिजिनल साउंड', म्हणजे आवाज न गाळता आहे तसा पाठवायचा पर्याय, चालू करून दिला तेव्हा कुठे पेटी पेटीसारखी वाजली. त्यानंतर मी सगळ्यांना म्यूट केलं आणि स्वतःहून अनम्यूट होता येणार नाही असं लॉकच केलं. एकजण गाणार, एकजण बोलणार, बाकी चिडीचूप. तिसऱ्या शब्दापासून काय स्वच्छ आवाज झाला सांगू! मनात म्हटलं, आपण मोठं काम केलं.

साध्या बटणाच्या फोनवाले अकरा जण होते, त्यांच्यासाठी दोन पोरांनी प्रत्येकी पाच-सहा फोन कॉन्फरन्सला जोडून आपापला मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरजवळ ठेवला. ही आयडिया त्यांची, माझी नाही.

तीन वाजता संपलं. साडेतीनला एका रिटायर गुरुजींचा फोन, वय पंच्याऐंशी. मी आपला कौतुकाची वाट बघतोय. ते म्हणाले, "सगळं ऐकू आलं, पण मंडळी नव्हती. मी आमेन म्हटलं ते माझ्या भिंतीने ऐकलं." मी त्यांना नेटवर्क, आवाज उशिरा पोचणं, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या शरणपुरात शिकलेली आफ्रिकन पोरं होती, १८७३ साली आफ्रिकेत फिरणारा तो मिशनरी लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं प्रेत उचलून हजार मैलांवर समुद्रापर्यंत नेलं त्या पोरांनी आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी. महिनोन्‌महिने चालत. आणि तू मला सेकंदभराचा उशीर सांगतोस." काय बोलणार यावर? मी त्या रस्त्याने रोज जातो, तिथे आफ्रिकेची पोरं शिकायची हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी १२ तारखेला ईस्टर. गाणी आणि संदेश म्यूटवरच ठेवले, तिथे मी हटलो नाही. पण पाळकसाहेब "प्रभू उठला आहे" म्हणतात आणि सगळ्यांनी "खरोखर उठला आहे" म्हणायचं असतं, तिथे मी सगळ्यांना एकदम अनम्यूट केलं. काय तो कल्ला! कोणाची कुकरची शिट्टी, कोणाचं कुत्रं, कोणीतरी टीव्ही चालू ठेवलेला, कॉन्फरन्सवाल्या बटण-फोनांमधून आवाज घुमून परत येतोय, आणि सगळ्यांचं संपल्यावर दोन सेकंदांनी ओझरहून एक एकटाच खणखणीत "उठला आहे". सगळे हसले, पाळकसाहेब पण. गुरुजींची खिडकी मी मोठी करून बघितली, ते डोळे पुसत होते की चष्मा ते कळलं नाही, त्यांचा कॅमेरा छताकडे जास्त होता.

साडेदहाला आशीर्वाद झाला. उपासना संपली, तरी कोणी मीटिंग सोडेना. निम्म्यांना बाहेर कसं पडायचं ते माहीत नव्हतं म्हणा. अकराला मी सगळ्यांसाठी 'एंड' दाबायला गेलो तर मोबाइलवरून मावशी ओरडली, "अरे थांब ना, ओझरवाल्यांचं बोलणं कुठे झालंय अजून, आणि पेड आहे ना आता?"