युझेसचा शनिवार: आधी बाजार, मग पाण्याच्या मागे

दक्षिण फ्रान्समध्ये अविन्यों, आर्ल, निम असा दौरा आखत असाल तर त्यातला एक शनिवार युझेससाठी राखून ठेवा. बुधवारीही तिथे बाजार भरतो. तो लहान असतो, मुख्यतः आसपासच्या शेतकऱ्यांचा, आणि गर्दीचा कंटाळा असेल तर तोच बरा. पण शनिवारी जुन्या गावाला वेढणारा गोल रस्ता आणि आतला प्लास ओझ एर्ब हा चौक, दोन्हीकडे पालं पडतात आणि सगळा पंचक्रोशीचा माणूस लोटतो. एकच आग्रह आहे: त्याच दिवशी अविन्योंचा पोपचा राजवाडाही उरकून घेऊ, असा बेत करू नका. युझेसला अख्खा दिवस लागतो, आणि दुपारनंतर काय करायचं तेही पुढे सांगते.

युझेसला रेल्वे जात नाही. निमहून अंतर साधारण २५ किलोमीटर, अविन्योंहून ४० च्या आसपास, आणि दोन्हीकडून बस आहे. शनिवारी फेऱ्या कमी असतात आणि रविवारी त्याहून कमी, त्यामुळे परतीची वेळ सकाळी उतरल्याउतरल्याच थांब्यावर बघून फोटो काढून ठेवा. आम्ही निममध्ये मुक्कामाला होतो आणि गाडी भाड्याने घेतली होती, कारण बरोबर सासूबाई होत्या. गाडी नेणार असाल तर नऊच्या आत पोचा. जुन्या गावाजवळ जागा शोधत फिरण्यात अर्थ नाही. बाजाराच्या दिवशी तिथल्या काही जागा पालांखालीच गेलेल्या असतात. सरळ बाहेरच्या बाजूला गाडी लावा आणि दहा मिनिटं चाला. गल्ल्या दगडी फरशीच्या आणि उंचसखल आहेत, तेव्हा चप्पल-सँडलपेक्षा बूट बरे.

चौक म्हणजे कमानींच्या ओवऱ्या, मधोमध कारंजं आणि वर चिनार कुळातल्या मोठ्या झाडांची सावली. जूनमध्ये गेलो होतो, त्यामुळे चेरी, जर्दाळू आणि खरबुजं अशी चंगळ होती. खरबूज घेताना विक्रेता विचारतो, आज खाणार की उद्या? उत्तरानुसार तो स्वतः दोन-चार हुंगून एक काढून देतो. सासूबाईंना हे फार पटलं. त्यांनीही एक उचलून हुंगलं, दोघांनी माना डोलावल्या आणि भाषेवाचून सौदा झाला. एरवी मात्र मालाला हात लावायची पद्धत नाही. आधी "बोंझूर" म्हणायचं, आपली पाळी येऊ द्यायची आणि बोटाने दाखवायचं. बोंझूर न म्हणता थेट "हे केवढ्याला?" असं विचारलंत तर समोरचा माणूस एकदम कोरडा होतो. घासाघीसही करत नाहीत. सुटे युरो जवळ ठेवा, कारण लहान पालांवर कार्ड चालेलच असं नाही. कापडी पिशवी आपली आपण न्यावी.

काय घ्यावं? पिशोलीन जातीचे हिरवे, कुरकुरीत ऑलिव्ह याच भागातले. जवळच्या कोलियास गावाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. सेव्हेनच्या डोंगरातलं पेलार्दों हे शेळीच्या कच्च्या दुधाचं चीज छोट्या चकत्यांमध्ये मिळतं. ताजं मऊ असतं, आठवडे मुरलेलं कडक आणि तिखट. पहिल्यांदा खाणाऱ्याने मधलं मागावं. निमची ब्रांदाद पांढरी आणि लोण्यासारखी दिसते खरी, पण ती खारवलेल्या कॉड माशाची असते. शाकाहारी मंडळींनी तिथे थांबून विचारावं. ऑलिव्हच्या तापनाद चटणीतही बहुतेक वेळा अँकोव्ही मासा वाटलेला असतो. फुगास या पावात ऑलिव्ह असतात तसे डुकराचे तुकडेही असतात, आणि चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, बहुतेकदा प्राण्यांचं असतं. हे सगळं पाळणाऱ्यांसाठी फळं, साधा पाव, मध आणि ऑलिव्ह एवढं तरी निर्धोक आहे, आणि त्यावर जेवण छान होतं.

कापडाच्या पालांवर पिवळ्या-निळ्या बुट्ट्यांचे टेबलक्लॉथ लटकत असतात. प्रोव्हान्सची खूण म्हणून सगळे ते घेतात, पण या नक्ष्यांचं मूळ भारतातून मार्सेल बंदरात उतरलेल्या छिटांमध्ये आहे. ती छिटं इतकी खपू लागली की देशी विणकरांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. आज बाजारात मिळतो तो बराचसा यंत्रावरचा माल. मी घेतला नाही. भांडी हवी असतील तर पाच-एक किलोमीटरवर सां-कांतां-ला-पोतरी हे कुंभारांचं गाव आहे, तिथे करणाऱ्याकडूनच घेता येतात.

एकच्या सुमाराला पालं उतरू लागतात. जेवायचं हॉटेलात असेल तर बारालाच बसा. दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात आणि मग संध्याकाळपर्यंत कॉफीशिवाय काही मिळत नाही. आम्ही पिशवीतलंच घेऊन निघालो.

गावातलं बघायचं म्हणाल तर तूर फनेस्त्रेल हा बाराव्या शतकातला मनोरा चुकवू नका. ४२ मीटर उंच, गोल, मजल्यामजल्यावर खिडक्या. असा मनोरा इटलीत शोभावा, फ्रान्समध्ये हा एकटाच. कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांमध्ये जुनं कॅथेड्रल पडलं आणि त्यातला एवढाच उरला. वर चढू देत नाहीत. ड्यूकचा वाडा अजून त्याच घराण्याकडे आहे (ड्यूकपद १५६५ चं), पण तिकीट महाग वाटलं आणि बाहेरून रंगीत कौलांचं छप्पर बघूनच आम्ही समाधान मानलं.

आजच्या कॅथेड्रलशेजारच्या फिरायच्या गच्चीवर एक छोटा मंडप आहे, नाटककार रासीनच्या नावाचा. १६६१ मध्ये ऐन विशीत तो पॅरिसहून इथे मामाकडे आला होता. मामा चर्चमध्ये मोठ्या पदावर, त्यांच्या वशिल्याने काही उत्पन्न लागेल अशी आशा. ते काही झालं नाही, आणि तो नाटकांकडे परतला. या गच्चीवरून खाली झाडीत उतरणारी वाट दिसते, आणि माझ्या मते दिवसाचा खरा भाग तिथून सुरू होतो.

ही वाट अलझों नदीकाठच्या अर खोऱ्यात जाते. वीसेक मिनिटांत सावलीत, पाण्याजवळ पोचता. निम शहरासाठी रोमनांनी पहिल्या शतकात जो पाटाचा कालवा बांधला, तो इथल्याच झऱ्यांपासून निघतो. पाणी कमीजास्त सोडण्याच्या हौदाचे अवशेष काठावर आहेत. इथून निम सरळ रेषेत २० किलोमीटर, पण डोंगर चुकवत कालवा गेला ५० किलोमीटर, आणि उतार किलोमीटरला सरासरी जेमतेम २५ सेंटीमीटर. उतरण सोपी आहे, परतीचा चढ मात्र दमवतो. गुडघे दुखत असतील त्यांनी गच्चीवर बाकावर बसावं. सासूबाईंनी तेच केलं, खरबुजासकट.

याच कालव्याने गार्दों नदी ओलांडली ती पों द्यु गार या रोमन पुलावरून, युझेसहून साधारण १५ किलोमीटर. गाडी लावण्याचे पैसे पडतात. ४९ मीटर उंच, कमानींच्या तीन ओळी: खाली ६, मध्ये ११, वर आता ३५. शेजारून चालायचा रस्ता अठराव्या शतकात जोडला आहे, त्यामुळे दगड हाताशी येतात. बहुतेक लोक पुलावर फोटो काढून परततात. तसं करू नका. उजव्या-डाव्या कुठल्याही काठाने खाली उतरा आणि पाण्यात पाय सोडून वर बघा. उन्हाळ्यात लोक खुशाल पोहतात. काठ गोट्यांचा आहे, म्हणून पाण्यातले बूट, टॉवेल आणि टोपी हवीच. सावली दुपारी तीन-चारनंतरच मिळते. पोहता येणाऱ्यांना कोलियासहून डोंगीने इथपर्यंत यायचाही पर्याय आहे, पण बाजाराच्या दिवशी ते जमवू नका.

परत निमला जाणार असाल तर मावळतीआधी कास्तेलुम बघून घ्या. किल्ल्याजवळच्या एका साध्या रस्त्याच्या कडेला, कठड्याआड तो गोल हौद उघड्यावरच आहे. कालव्याचं पाणी इथे पडायचं आणि भिंतीतल्या दहा भोकांमधून शिशाच्या नळांनी शहरभर जायचं. बघायला दहा मिनिटं लागतात. तिथून उतारावर चालत गेलं की फोंतेनच्या बागेजवळ पोचता. जेवणाची हॉटेलं त्याच दिशेला आहेत आणि सातच्या आत उघडत नाहीत.