एक फ्रेम, सोळा पानं: पोलिसांमधल्या ख्रिस्ती बंधुतेचा संग्रह, आतापर्यंत

प्रदर्शनाच्या एका फ्रेममध्ये ए-फोर आकाराची 16 पानं बसतात. त्यातली 11 लागली, 5 बाकी आहेत. चित्रपोस्टकार्डं हाच मुख्य ऐवज, जोडीला कायद्यांच्या छापील प्रती आणि थोडी मासिकांची पानं. नागपूरच्या हवेत हे टिकवणं हा वेगळाच उद्योग, त्याबद्दल पुढे.

कॅथरीन गर्नी यांनी 1883 साली लंडनमध्ये ख्रिश्चन पोलीस असोसिएशन सुरू केली, तिथून मांडणीला सुरुवात होते. ‘ऑन अँड ऑफ ड्यूटी’ हे त्यांचं मासिक. नावातच सगळी अडचण आहे: चर्चची वेळ ठरलेली, पोलिसाची ड्यूटी फिरती. रविवारच्या प्रार्थनेला निम्मी पाळी कायम गैरहजर राहणार. म्हणून या संग्रहाचा कणा धर्मशिकवण नाही, सुट्टी आहे. आजारातून उठलेल्या शिपायाला विश्रांती कुठे, मेलेल्या शिपायाच्या मुलांचं काय, आठवड्यातून एक दिवस मोकळा कधी, याच प्रश्नांभोवती पानं फिरतात.

विश्रांतीच्या पानांवर ऐवज भरपूर आहे. पोलिसांसाठी समुद्रकाठचं विश्रांतिगृह ब्रायटनला लागून असलेल्या होव्ह इथे 1890 मध्ये सुरू झालं आणि 1893 मध्ये पोर्टलंड रोडवरच्या स्वतःच्या इमारतीत गेलं. इंग्लंडच्या उत्तरेत हॅरोगेटला विश्रांतिगृह आणि अनाथ मुलांसाठी घर उभं राहिलं. होव्हची कार्डं विक्रेते ब्रायटनच्या गठ्ठ्यात टाकतात, तेव्हा दोन्ही नावांनी शोधा.

कार्डाचं साल ठरवताना इमारतीच्या सालावर जाऊ नका, कार्ड उलटं करा. मागची बाजू उभ्या रेघेने विभागलेली असेल तर ब्रिटनमधलं ते कार्ड 1902 नंतरचं. सातव्या एडवर्डचं हिरवं अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर बहुधा त्याच दशकातलं. देशांतर्गत कार्डाचा अर्ध्या पेनीचा दर 3 जून 1918 रोजी एक पेनी झाला. त्यामुळे शिक्का पुसट असला तरी तिकिटावरून अंदाज बांधता येतो. खरा फोटो आहे की छपाई, हे दहापट भिंगाखाली कळतं: ठिपक्यांची जाळी दिसली की छपाई. खऱ्या फोटोच्या गडद भागात, कडेला बऱ्याचदा चांदीसारखी चकाकी आलेली असते. ती पुसायला गेलात तर चित्रही जाईल.

साप्ताहिक सुट्टीच्या पानांवर चित्रं कमी आणि कागद जास्त. जॉन केम्पस्टर यांनी 1893 मध्ये काढलेल्या ‘पोलीस रिव्ह्यू’ या नियतकालिकाने हा प्रश्न लावून धरला आणि ब्रिटनमध्ये 1910 साली साप्ताहिक सुट्टीचा कायदा झाला. पानं कोरडी दिसतील, दिसू द्या. इथे सजावटीची देवदूतांची कार्डं चिकटवण्याचा मोह होतो, पण परीक्षक त्यालाच भरताड म्हणतात.

नागपूरचा भाग पान 9 पासून. 1861च्या पोलीस कायद्याचं कलम 22 म्हणतं की पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर आहे असंच समजायचं. मुंबई पोलीस कायदा, 1951 (आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा) मधलं कलम 28 तेच सांगतं. ही दोन कलमं ‘ऑन अँड ऑफ ड्यूटी’च्या पानासमोरच लावली आहेत, वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. पुढे 1902-03 चा पोलीस आयोग. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर मध्य प्रांतातले जुने अधिकारी आणि मिशनऱ्याचे चिरंजीव. मात्र तेवढ्यावरून आयोग ‘ख्रिस्ती’ ठरत नाही, मथळ्यात तसं सुचवूही नका. 1903 मध्ये नागपूरचा अँग्लिकन धर्मप्रांत झाला, आयर चॅटर्टन पहिले बिशप. नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलचं कार्ड इथे बसतं. कामठीच्या चर्चची कार्डं मात्र छावणीची. ती फौजेच्या फ्रेममध्ये ठेवा.

एक सापळा: जुन्या कागदांत ‘डी.एस.पी.’ म्हणजे जिल्हा सुपरिंटेंडेंट. आजच्या अर्थाने उपअधीक्षक वाचलात तर अख्खा मथळा चुकतो.

पान 14 वर 1966 चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा. कलम 3 प्रमाणे कामगार संघटनेत जायला परवानगी लागते, पण निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक स्वरूपाच्या संस्थेला हा अडसर नाही. बंधुतेला कायद्याने जागा मिळते ती नेमकी इथेच. बऱ्याच संग्राहकांच्या नजरेतून हे कलम सुटतं.

आता जपणूक. मे महिन्यात कार्डं कोरड्या हवेने वाकतात आणि कूलर लावला की त्याच खोलीत बुरशी धरते. कूलरची हवा थंड असते तशीच ओलीही. कपाट कूलरच्या झोतापासून दूर, भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवा. पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातला तेलकट पदार्थ उतरून शाई पसरते. पॉलिएस्टरचे कोपरे वापरा. कार्ड 14 × 9 सेंटिमीटर असल्याने आडवी दोन एका पानावर सहज बसतात, मजकुराला तिसरा हिस्सा उरतो. डिंक, सेलोटेप, चिकट पानांचे अल्बम बाद. मजकूर लेझर प्रिंटरवर काढा, इंकजेट पावसाळ्यात फुटतं.

बाकी: पान 7 साठी 1910 च्या आसपासचं, विश्रांतिगृहातून पाठवलेलं, मागे मजकूर असलेलं एक कार्ड. पान 12 आणि 13 वरच्या मथळ्यांची शेवटची तपासणी. पान 15 आणि 16 वर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात झालेलं सहा चर्चांचं एकत्रीकरण, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. त्या दिवसाचा शिक्का असलेला लिफाफा कुणाकडे असेल तर अदलाबदलीला होव्हची दोन दुबार कार्डं तयार आहेत.