गाडीच्या पोटाखालचा रंग

भोसरी एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये सहसा रंगावरून वाद होत नाहीत. आमचं काम पावडर कोटिंगचं. चलनावर आरएएलचा, म्हणजे रंगांच्या ठरावीक यादीतला, नंबर असतो, फिनिश आणि थराच्या जाडीचे मायक्रॉन लिहिलेले असतात. आम्ही पावडर मारायची, भाजायची, जाडी मोजायची आणि माल टेम्पोत चढवायचा. मी तिथे क्वालिटी बघते. इलेक्ट्रिक पॅनेलचे दरवाजे, मशीनचे गार्ड, हॉस्पिटलच्या खाटा असा आमचा रोजचा माल. पॅनेलवाला ७०३५ सांगतो आणि निघून जातो, ग्रे कुठला हे त्याला विचारावंही लागत नाही.

हे दोन चुलत भाऊ मात्र बुधवारी दुपारी आले आणि माझ्या टेबलावर शेडकार्ड पसरून भांडत बसले. गुरुवारी आमची सुट्टी, म्हणजे बुधवारी भट्टी रिकामी करायची घाई असते. त्यात हे. चिखलीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. मारुतीच्या जिम्नीसाठी गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट किट बनवून विकायची त्यांची तयारी चालली होती.

ज्यांना गाडीच्या खाली वाकून बघायची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जिम्नीला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल आहेत. कॉइल स्प्रिंगवर गाडी बसते, लांब आर्म ॲक्सलला पुढे-मागे सरकू देत नाहीत आणि पॅनहार्ड रॉड त्याला डावी-उजवीकडे जाऊ देत नाही. उंच स्प्रिंग घातल्या की पॅनहार्ड रॉडचा कोन वाढतो आणि ॲक्सल एका बाजूला सरकतो. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो. पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, तोही बिघडतो, त्यासाठी वेगळ्या मापाचे आर्म लागतात. हे सगळं ते दोघे बनवत होते. लिफ्ट किट मोटार वाहन कायदा, १९८८ च्या गाडीतल्या फेरफारांबद्दलच्या कलम ५२ मध्ये कितपत बसते हा प्रश्न त्यांचा आणि आरटीओचा. माझ्यापुढे प्रश्न रंगाचा होता.

मोठ्याला काळा हवा होता. ९००५, फाइन टेक्श्चर म्हणजे बारीक खरबरीत, मॅट. "ताई, वेल्डिंग हाताचं आहे. टेक्श्चरमध्ये सगळं झाकून जातं." हे त्याने अगदी सरळ सांगितलं आणि ते खरंही आहे. वेल्डचे उडालेले थेंब, ग्राइंडरचे ओरखडे, पावडरची संत्र्याच्या सालीसारखी उठलेली पोत, सगळं काळ्या टेक्श्चरखाली जातं. फॅब्रिकेशनवाल्यांचा तो लाडका रंग आहे, आणि आमचाही. रिजेक्शन येत नाही.

धाकट्याला कँडी रेड. इन्स्टाग्राम तो सांभाळतो. त्याचं म्हणणं असं की सस्पेन्शनच्या धंद्यात रंग म्हणजे सही असते. बिलस्टाइनचा पिवळा-निळा, ओलिन्सचा सोनेरी-पिवळा, टाइनचा हिरवा. गाडी दगडावर चढते, चाक खाली लोंबतं आणि त्या फोटोत बघणाऱ्याला नाव वाचावं लागत नाही. "काळा काय, कंपनीतून येतो तोच काळा. मग आपण वेगळं काय दिलं?" मला त्याचं बोलणं उथळ वाटलं नाही. पैसे मोजून गाडीखालचं काही बदलणाऱ्या माणसाला ते दिसावंसं वाटणारच.

पण कँडी काय प्रकार आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. आधी चकचकीत चंदेरी बेस मारून भाजायचा, त्यावर पारदर्शक लाल मारून पुन्हा भाजायचं. लाल किती गडद दिसणार हे थराच्या जाडीवर ठरतं. सपाट पत्र्यावर ते जमतं. गोल पाइप, त्याला कंस, कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी असला जॉब असेल तर प्रत्येक आर्म वेगळ्या लालाचा निघतो. कारण गनमधून निघालेली पावडर विजेच्या ओढीने जॉबला चिकटते आणि आतल्या कोपऱ्यात ती ओढ पोचत नाही. पावडर काठावरच गोळा होते. आमचे गन चालवणारे मामा अशा वेळी व्होल्टेज उतरवतात, हवा कमी करतात आणि कोपरे आधी मारून घेतात. तरी फरक राहतोच. शिवाय दोन थर मिळून जाडी दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाते. नेहमीचा एक थर साठ ते ऐंशीचा. जाड थरावर खडी आपटली की टवका मोठा उडतो आणि खालचा चंदेरी डोळे वटारून दिसतो. वरून हात मारून तो दुरुस्त होत नाही.

मी हे सांगत असताना मामांनी त्यांच्या पोत्यातून चार शॉक ॲब्सॉर्बर बाहेर काढले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"हे पण लाल करायचेत," धाकटा म्हणाला.

मी ते उचलून वेगळ्या टेबलावर ठेवले. गॅस भरलेला शॉक म्हणजे दाबाखाली नायट्रोजन, तेल आणि रबरी सील, तेही बंद नळीत. आमची पावडर पिकायला जॉबचं स्वतःचं तापमान दोनशे अंशांच्या जवळ जाऊन दहा मिनिटं तिथे टिकावं लागतं. शॉक त्या भट्टीत घातला तर बरं नशीब असेल तेव्हा फक्त सील जळेल. वाईट नशीब असेल तर भट्टीचं दार कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही. तो पूर्ण खोलून, रिकामी नळी आणली तर ठीक, नाहीतर हवेत वाळणारा रंग दुसरीकडून मारून घ्या, असं सांगितलं. बुश, म्हणजे आर्मच्या टोकाला बसणारे रबरी तुकडे, आणि बॉल जॉइंट मात्र त्यांनी आधीच काढून ठेवले होते. मोठा वेल्डिंगमधला असल्याने रबर भट्टीत चालत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

स्प्रिंगांवर माझा आणि आमच्या शेठचाच वाद झाला. शेठ म्हणाले, टाकी लाइनमध्ये घाला सगळं एकदम. आमची सात टाक्यांची लाइन आहे, त्यात तेल काढल्यावर गंज काढायची ॲसिडची टाकी येते. आर्मचा पाइप साधा आहे, त्याला चालतं. स्प्रिंगचं पोलाद कडक असतं. ॲसिडमध्ये तयार होणारा हायड्रोजन त्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. अशी स्प्रिंग लगेच तुटत नाही. गाडीखाली भार घेऊन उभी असताना, कुणी काही न करता, काही दिवसांनी तुटते. तेव्हा स्प्रिंग टाकीत जाणार नाही, बारीक शॉटने, म्हणजे छर्ऱ्यांच्या माऱ्याने, ब्लास्ट होईल आणि हवेतली ओल बसायच्या आत तिच्यावर पावडर पडेल, हे मी लिहून घेतलं. शेठ पुटपुटले, पण मान्य झाले.

रंग अजून ठरला नव्हताच. त्यांच्या मालात डेमो गाडीचे जुने आर्मही होते, आमच्या आधी दुसरीकडे काळ्या टेक्श्चरमध्ये केलेले. ती गाडी पूर्ण पावसाळा घाटात आणि कोकणच्या किनाऱ्यावर फिरवलेली. नवीन किट आणि डेमो गाडी एकाच रंगात दिसावी म्हणून जुने आर्म खरवडून पुन्हा करायचे होते. रंग कुठलाही ठरो, खरवडायचं होतंच. म्हणून मी ते स्ट्रिपरच्या, म्हणजे जुना थर उतरवणाऱ्या रसायनाच्या, टाकीत सोडायला सांगितले आणि ते दोघे चहाला गेले.

पिकलेली पावडर स्ट्रिपरमध्ये रंगासारखी विरघळत नाही, तिच्या सुरकुत्या पडून पापुद्रे निघतात. पाण्याच्या फवाऱ्याखाली मागच्या ट्रेलिंग आर्मचं काळं कातडं उतरलं आणि फवारा धरलेल्या पोराने हाक मारली, "मॅडम, ये देखो."

पाइप जिथे बुश बसतो त्या नळीला, स्लीव्हला, जोडला होता तिथे वेल्डच्या काठाला लागून एक तपकिरी रेघ होती. नखाएवढी. कपड्याने पुसली, गेली नाही. वेल्डिंग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं होतं, बरोबर त्याच जागी.

ब्लास्टिंगवाला पोरगा उरलेले आर्म उचलायला आला होता, त्याला मी थांबवलं. शॉटचा मार पडला की भेगेचं तोंड ठोकलं जाऊन बंद होतं, मग ती कुठल्याच तपासणीत नीट दिसत नाही. शेजारी प्रेशर व्हेसलवाले आहेत, त्यांच्याकडून डीपीचे, म्हणजे बारीक भेग रंगाने उठवून दाखवणाऱ्या तपासणीचे, तीन डबे मागवले. क्लीनरने पुसायचं, लाल द्रव फवारायचा, तो भेगेत झिरपायला पंधरा मिनिटं थांबायचं, वरचं लाल कोरडं पुसून घ्यायचं आणि मग पांढरा डेव्हलपर मारायचा. तोपर्यंत दोघे भाऊ परत आले. पांढरा थर सुकत गेला तशी त्यावर आतून लाल रेघ उमटली. पुसताना वाटली होती त्याहून लांब, स्लीव्हच्या जवळजवळ पाव घेऱ्यापर्यंत. दुसऱ्या बाजूच्या आर्मवर त्याच जागी दोन बारीक ठिपके आले. पुढचे आर्म स्वच्छ निघाले.

मोठा खाली बसला. याच आर्मवर तो घाट उतरून आला होता, घरची माणसं घेऊन. "मी दर वेळी गाडी धुतल्यावर खाली जाऊन बघतो ताई. टॉर्च लावून. काही नव्हतं."

त्याला काही दिसलं नाही यात मला नवल वाटलं नाही. पावडरचा थर थोडा लवचिक असतो. खालचं पोलाद बारीक फाटलं तरी तो काही काळ वरून तसाच ताणून राहतो. मग कधीतरी तोही फाटतो, पाणी शिरतं आणि गंजाचा ओघळ बाहेर येतो. काळ्या मॅट टेक्श्चरवर तो ओघळ मातीसारखा दिसतो, आणि टेक्श्चरच्या खाचांत माती तर बसलेलीच असते. धुऊन जे जात नाही ते गंज, ही खूण तिथे कामाला येत नाही.

धाकटा बराच वेळ त्या पांढऱ्यावरच्या लाल रेघेकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "लालवर दिसलं असतं?"

"गंज लालवर? नाही."

त्यानंतर शेडकार्ड पुन्हा उघडलं, पण आता भांडण वेगळं होतं, गंज दिसेल असा रंग कुठला याचं. पांढरा मी नको म्हटलं. भट्टीत दोन मिनिटं जास्त राहिला की पिवळट पडतो आणि बूथमध्ये आधीच्या काळ्याचा एक कण राहिला तरी तो वर येऊन बसतो. पिवळा धाकट्याला चालला असता, पण पिवळ्या पावडरची झाकायची ताकद कमी, थर जाड द्यावा लागतो. शिवाय पिवळं सस्पेन्शन म्हटलं की लोक बिलस्टाइनचं नाव घेणार. शेवटी मी कार्डावर फिकट राखाडीवर बोट ठेवलं. ७०३५.

"ताई, हा पॅनेलचा कलर आहे!" दोघे एकदम म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

पॅनेलचाच आहे. पण पॅनेलवाल्यांची पावडर यांना देता येत नव्हती. शेडमध्ये ७०३५ चं उघडं खोकं पडलेलं होतं, शेठना तेच वापरायचं होतं. ती इपॉक्सी-पॉलिएस्टर मिसळीची होती, घरातल्या वापराची. उन्हात तिच्यावर खडूसारखी भुकटी धरते. गाडीच्या पोटाखाली ऊन कमी असलं तरी चाकांच्या कमानीतून येतंच. त्यात ती स्ट्रक्चर फिनिशची, खरबरीत, म्हणजे पुन्हा खाचा आणि पुन्हा माती. शुद्ध पॉलिएस्टर, गुळगुळीत, अर्धी चमक असलेली हवी होती. अख्खं पंचवीस किलोचं खोकं घ्यावं लागणार होतं. उरलेली पावडर पुढच्या बॅचला वापरता येईल असं मी म्हटलं, तेव्हा मोठा म्हणाला, पुढची बॅच वेल्ड बदलल्याशिवाय निघणार नाही.

त्याने खरंच बदललं. जोड स्लीव्हच्या वेगळ्या बाजूला घेतला, वेल्ड कुठे सुरू करायचं आणि कुठे संपवायचं ते जिगवर खुणेने लावलं, आणि पावडरला येण्याआधी प्रत्येक आर्मचा डीपी होऊ लागला. त्याच दिवशी आणलेले नवे आर्म आम्ही रंगवलेच नाहीत. ते तसेच परत नेले आणि त्यांतले कुठले वापरायचे ते त्याने तपासून ठरवलं.

आर्म राखाडी झाले तेव्हा मामांना मास्किंगवर मी जरा त्रास दिला. बुश दाबून बसतो त्या स्लीव्हच्या आत पावडर गेली तर बुश बसत नाही, बसवला तर फाटतो. तिथे सिलिकॉनचे बूच. आट्यांवर बूच. आणि बोल्टचा वॉशर जिथे टेकतो त्या तोंडावर हिरवी टेप. मामा म्हणाले, तिथे रंग असला तर काय बिघडतं, उलट गंज लागणार नाही. पण दोन्ही बाजूंनी सत्तर-सत्तर मायक्रॉनची पावडर बोल्टखाली दाबली की ती हळूहळू बसते आणि बोल्टचा ताण उतरतो. नव्या किटचे बोल्ट काही दिवसांनी पुन्हा आवळा म्हणतात, त्यातले किती रंगामुळे सैल पडलेले असतात कोण जाणे.

धाकट्याला लाल मिळाला तो स्प्रिंगांवर. ३०२०, चकचकीत, एकच थर. तिथे वेल्ड नाही, लपण्यासारखा जोड नाही आणि चाक लोंबलं की फोटोत स्प्रिंगच आधी दिसते. राखाडी आर्मांशेजारी तो लाल चांगलाच उठून दिसतो, हे त्याने मला फोटो पाठवून कबूल केलं. इन्स्टाग्रामवर त्या फोटोखाली कुणीतरी विचारलं होतं, आर्मला प्रायमर मारून सोडलाय का. त्यावर त्याने काय उत्तर द्यावं म्हणून मला फोन केला होता. मी डीपीचा फोटो टाक म्हटलं. मोठ्याने तो टाकू दिला नाही, भेग त्यांच्याच वेल्डची होती म्हणून.