धोट्यातून निघालेली गाडी

लेक पीटरबरोला राहते. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून गाडीत बसलो तेव्हाच तिने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, डावीकडची खिडकी धरा. नीन नदीचा पूल यायच्या आत बघा." बघितलं. झाडांमागून काँक्रीटच्या तुळईवर बसलेलं एक लांबट, निमुळत्या नाकाचं वाहन सर्रकन मागे गेलं. दोन सेकंद दिसलं असेल, पण छातीत धडधडलं. एवढ्यासाठीच तर आलो होतो.

मी इचलकरंजीचा. चाळीस वर्षं यंत्रमागांच्या मोटारी भरल्या. वाइंडिंग, म्हणजे तारांची वेटोळी भरून झाली, की रोटर (मधला फिरणारा भाग) न बसवता स्टेटरला (बाहेरच्या स्थिर भागाला) कमी व्होल्टेज द्यायचं आणि आत बेअरिंगची गोळी सोडायची, ही आमची परीक्षा. तिन्ही फेज बरोबर असतील तर गोळी आतल्या भिंतीला धरून गरागरा फिरते. कॉइल उलटं जोडलं गेलं असेल तर एका जागी चिकटून बसते. गोळीला कोणी ढकलत नाही, चुंबकीय क्षेत्रच फिरत असतं आणि ते तिला ओढत नेतं. हजारो वेळा पाहिलंय, तरी अजून हात थांबतो.

एरिक लेथवेट या इंग्रज अभियंत्याने हाच स्टेटर जणू उभा चिरला आणि सतरंजीसारखा उलगडला. मग क्षेत्र गोल फिरत नाही, सरळ धावतं; हीच ती सरळ (लिनिअर) मोटार. वर ॲल्युमिनिअमची पट्टी धरली तर तिच्यात प्रवाह उमटतात आणि ती पुढे ढकलली जाते. कल्पना त्यांच्या आधीची होती, पण ती मोठ्या आकारात चालवून दाखवली त्यांनी. आणि सुरुवात कुठून, तर मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यापासून! कापडगिरण्यांच्या लँकेशरमध्ये १९२१ साली जन्मलेला हा माणूस मँचेस्टर विद्यापीठात असताना मागाचा धोटा विजेने फेकता येईल का, याच्या मागे लागला. आमच्या गावात धोट्याची खटखट थांबली की झोप मोडते, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा माणूस घरचाच वाटला. तो विजेचा धोटा गिरण्यांत रुजला नाही. मोटार मात्र रुळांवर आली.

रविवारी लेकीबरोबर रेलवर्ल्ड या रेल्वेच्या संग्रहालयात गेलो. नदीकाठची छोटीशी जागा, झाडी, तळी. गाडीतून दिसलेलं ते वाहन, म्हणजे आरटीव्ही ३१ ही प्रायोगिक गाडी, उघड्यावरच उभी आहे. ही हवेच्या गादीवर तरंगायची आणि सरळ मोटारीवर पळायची. चाकं दिसतात का म्हणून सवयीने वाकून खाली बघितलं. नुसता काँक्रीटचा सपाट माथा, त्याच्या कडेला शेवाळ.

जवळच बर्मिंगहॅमच्या मॅग्लेव्हचा एक डबाही ठेवलाय. विमानतळ ते रेल्वे स्टेशन, जेमतेम ६०० मीटर. १९८४ ते १९९५ त्या मार्गावर प्रवासी खरोखर चुंबकावर तरंगत गेले. उंची १५ मिलिमीटर. मी बोटांनी तेवढं अंतर लेकीला दाखवलं. आमच्याकडे रोटर-स्टेटरमधली फट मिलिमीटरच्या आत असते, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. ती म्हणाली, "मग ही तर केवढी मोठी!" पुढे जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळेनात, म्हणून सेवा बंद पडली. ही व्यथा मोटारवाल्याला समजावून सांगावी लागत नाही.

लेथवेट १९६४ पासून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक होते. एकाच मोटारीने पट्टी उचलायची, मधोमध धरायची आणि पुढेही न्यायची, या त्यांच्या रचनेला ते 'चुंबकी नदी' म्हणत. १९७४ साली गायरोस्कोप (भोवऱ्यासारखं वेगाने फिरणारं चाक) न्यूटनच्या नियमांत बसत नाही असं ते भर व्याख्यानात सुचवून बसले, आणि विद्वानांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. चूक त्यांचीच होती, पुढे त्यांनी ती मान्यही केली. पण त्या एका संध्याकाळवरून अख्खा माणूस मोजला गेला, याचं मला फार वाईट वाटतं. आज व्हँकुव्हरच्या स्कायट्रेनमध्ये रोज लोक सरळ मोटारीवरच प्रवास करतात.

दुपारी लेकीने गाडी एरिथला नेली. काळीभोर, सपाट जमीन आणि आखल्यासारखे सरळ बेडफर्ड कालवे. आरटीव्हीचा चाचणीमार्ग इथे होता. बेत होता २० मैलांचा, बांधून झाला एक मैल. ७ फेब्रुवारी १९७३ ला तिने ताशी १०४ मैल गाठले. आठवड्याभरात सरकारने पैसे बंद केले.

मार्ग केव्हाच काढून टाकलाय. बांधावरून अंदाजाने मैलभर चाललो. वीस मिनिटं लागली, वारा सारखा तोंडावर येत होता. एवढ्याच जागेत तिला सुटायचं, वेग घ्यायचा आणि थांबायचंही होतं. ब्रेक कुठे लावला असेल, ते आम्ही दोघं गवतात उभं राहून बराच वेळ हिशेब करत होतो.