गोबरगॅसच्या टाकीला गवताची सवय लावताना

मागच्या वर्षी दोन म्हशी विकल्या आणि शेगडी अर्ध्या स्वयंपाकातच मंदावायला लागली. आमची टाकी दोन घनमीटरची, लोखंडी झाकण गॅसवर तरंगणारी. तिला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. उरलेल्या दोन गाईंचं शेण जेमतेम २० किलो. गोठ्याच्या सांडपाण्यावर मात्र 'फुले जयवंत' माजलं होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं हे संकरित नेपियर, म्हणजे वैरणीचं उंच गवत. खायला जनावरं नाहीत म्हणून जून होत चाललं होतं. म्हटलं, हेच टाकीत घालू.

पहिल्याच दिवशी १५ किलो घातलं. कडबाकुट्टीतून काढलेले बोटभर तुकडे, पाण्यात कालवून. चार दिवसांत झाकण एवढं वर आलं की मी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. सहाव्या दिवशी शेगडी पेटेना. काडी लावली की ज्योत उचलायची आणि विझायची. झाकण तर भरलेलं! टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीला, म्हणजे पचलेल्या पातळ शेणाला, आंबूस वास येत होता. सामूची (आम्लता मोजायची, pH ची) पट्टी बुडवली तर ६ च्याही खाली; आकडा ७ च्या जितका खाली, तितकं आम्ल जास्त.

गवत भराभर आंबतं आणि आम्ल तयार होतं. मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, करणारे जिवाणू सावकाश वाढतात, सामू साडेसहाच्या खाली गेला की ते थंडावतात. मग झाकणाखाली कार्बन डायऑक्साइडच जास्त साठतो, आणि तो काही जळत नाही. आत्यांना (माझ्या सासूबाई) हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, गाईला नवी वैरण लावताना आपण एकदम पेंढीच्या पेंढी टाकतो का?"

गवत बंद केलं. काकूंच्या गोठ्यातलं शेण मागून आणलं, रोज पातळ कालवून थोडं थोडं सोडलं. सामू ७ जवळ यायला तीन आठवडे लागले. मग २ किलोपासून पुन्हा सुरुवात, दर आठवड्याला एक किलो वाढवत. आता गवत ४५ दिवसांचं कोवळंच कापते, कारण जून काडी लाकडासारखी होते, टाकीत पचत नाही. कुट्टी यंत्रातून दोनदा काढते आणि पाण्याऐवजी टाकीतून आलेल्या रबडीतच दोन दिवस भिजवते. जिवाणू तिथूनच कामाला लागतात. दोन दिवसांनी कुट्टी हातात घेतली की बोटांनी चुरगळते.

एक त्रास राहिलाच. गवत तरंगतं आणि वर साय धरते. त्यासाठी रोज सकाळी झाकण दोन्ही हातांनी धरून अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवते. आतल्या पट्ट्यांनी साय फुटते, कडेनं बुडबुडे येतात. तो आवाज आला की मला बरं वाटतं.

सध्या रोज २० किलो शेण आणि १० किलो गवत. पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. थंडीत गॅस कमी पडतो, पाहुणे आले तरी सिलेंडर लावावा लागतो. रबडी पाटानं परत त्याच नेपियरच्या ठोंबांना जाते.